गुजरीतला चुरा, दातातला चुरा

कोल्हापूरच्या गुजरीत भल्या सकाळी, दुकानांच्या फळ्या निघायच्या आत गेलं, तर पूर्वी एक दृश्य हमखास दिसायचं. कुणी बाई किंवा म्हातारा गटाराच्या कडेला उकिडवा बसून पायऱ्यांच्या फटीतली, उंबऱ्याखालची माती कुंच्याने पाटीत ओढून घेत असायचा. हे झारेकरी. सोनाराच्या कानशीतून उडालेला, त्याच्या धोतराला, चपलेला चिकटून रस्त्यावर आलेला सोन्याचा कण शोधायचा, माती धुऊन तो वेगळा करायचा आणि त्यावर पोट भरायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. सोनाराची राखही ते विकत घेतात. या गल्लीत कापलेलं काहीच पूर्ण वाया जात नाही. आज नाही तर उद्या ते कुणाच्या तरी पाटीत सापडतं आणि पुन्हा मुशीत जातं.

तीसएक वर्षांपूर्वी याच गुजरीतला एक कारागीर माझ्या खुर्चीत येऊन बसला. खालच्या दाढेला मोठा खड्डा होता. मी एअरोटर चालवला, कीड काढली, खड्ड्याला हवा तसा आकार दिला. त्याने चूळ भरली आणि थुंकीच्या भांड्याकडे जरा वेळ बघत राहिला. म्हणाला, "डॉक्टर, एवढा चुरा आमच्याकडं उडाला असता तर मालकानं उभं केलं नसतं. तुम्ही गोळा करत न्हाई हे?"

मी हसलो. म्हणालो, त्याचं करायचं काय?

"म्हंजे गेला तो गेलाच म्हणा की."

तेव्हा मला हा विनोद वाटला होता. पुढे कित्येक वर्षं मी दात कापले आणि दर वेळी पाण्याबरोबर तो पांढरा चुरा नळीतून जाताना पाहिला. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही एनॅमल म्हणतो, त्याला ही सोय नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाच्या ९६ टक्के निव्वळ खनिज, आयुष्यात एकदाच मिळतो. तो कापायची जी हत्यारं माणसाने शोधली, त्यांचा इतिहास मी सोनाराच्या त्या वाक्याच्या उजेडात वाचायला लागलो. तोच इथे मांडतो आहे.

सुरुवात घराजवळूनच करता येते. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातलं नांदतं गाव तिथे जमिनीखाली होतं. त्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची इवलीशी ब्राँझमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण ती त्याला कौतुकाने दाखवतो. मी मात्र तिथे गेलो की मण्यांपाशी रेंगाळतो. दीक्षित मण्यांचे मोठे जाणकार होते. अकीक, स्फटिक, काच यांचे ते मणी पाहताना बहुतेकांचं लक्ष रंगाकडे जातं. दंतवैद्याचं जातं भोकाकडे. अकीक हा एनॅमलपेक्षाही कठीण दगड. त्यातून दोरा ओवता येईल एवढं सरळ भोक पाडायचं, तेही मणी न फोडता, हे काम माझ्या हातून व्हायचं नाही, आणि माझ्याकडे तर वीज आहे.

असं भोक पाडण्याचं यंत्र म्हणजे सुताराचा सामता. उभी काठी, तिच्या टोकाला गारगोटीचा किंवा धातूचा दाता, काठीला एक वेढा देऊन ओढलेली कमानीची दोरी. कमान पुढे-मागे केली की काठी गरगर फिरते. हेच यंत्र माणसाच्या दातावर चालल्याचा सर्वांत जुना ठोस पुरावा आपल्याच उपखंडात, बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहेरगढला सापडला. आल्फ्रेदो कोप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ साली 'नेचर' नियतकालिकात मांडला. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतल्या नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांना पाडलेली भोकं होती. भोकांचा व्यास सव्वा ते सव्वातीन मिलिमीटरांच्या आसपास, खोली साडेतीन मिलिमीटरांपर्यंत. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ही माणसं नंतर त्याच दाढांनी जेवत राहिली. गारगोटीचा दाता लावलेला सामता घेऊन संशोधकांनी प्रयोग केला, तेव्हा तसं भोक मिनिटाच्या आत पडलं.

ही भोकं कुणी पाडली असतील? मेहेरगढ हे मणी घडवणाऱ्यांचं गाव होतं. संशोधकांचा कयास असा की मण्याचा हातच दाताकडे वळला. माझ्या धंद्याचा मूळपुरुष वैद्य नसून मणेरी होता, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

मण्याची भोकं वाचण्याचं शास्त्र पुढे ज्यांनी उभं केलं तेही आमच्यातलेच निघाले. अमेरिकेतले लेनर्ड गोरेलिक दंतवैद्य होते आणि त्यांचे जोडीदार जॉन ग्विनेट दंतशास्त्राचे प्राध्यापक. दातांचा साचा घ्यायला आम्ही जो रबरासारखा लगदा वापरतो, तोच त्यांनी पुरातन मण्यांच्या भोकांत भरला, बाहेर काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. भोकाच्या भिंतीवरच्या रेघा सांगतात की दाता गारगोटीचा होता, तांब्याचा होता की हिऱ्याचा. १९८८ साली त्यांनी दाखवलं की हिऱ्याच्या कणीने भोक पाडण्याची विद्या भारतातून रोमन जगाकडे गेली. खंबायतचे कारागीर आजच्या काळापर्यंत दोन हिरकण्या बसवलेला सामता कमानीवर चालवत आले आहेत. या ग्विनेटसाहेबांची गाठ आपल्याला पुढे आणखी एकदा पडणार आहे.

ग्रंथांत पाहिलं तर सुश्रुताच्या वीस शस्त्रांत दंतशंकू आहे. पण त्याचं काम दातावर साचलेली शर्करा खरवडणं, आणि तेही दाताच्या मुळाला धक्का न लावता, अशी ताकीद तिथे आहे. दात पोखरायची भाषा नाही. युरोपात १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच माणसाने दंतवैद्यकाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याने आपली अवजारं घड्याळजी, जवाहिरे आणि न्हावी यांच्या पेटाऱ्यातून उचलली होती. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं फार काही घडलं नाही. दातेरी टोकाची सळई दोन बोटांत धरून जपमाळ ओढावी तशी फिरवायची, हीच रीत. १८४६ साली वेस्टकॉटने बोटात घालायची एक अंगठी काढली. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी ती सळईला टेकू द्यायची. १८६४ साली हॅरिंग्टन नावाच्या इंग्रजाने किल्लीचं यंत्र केलं. घड्याळासारखी किल्ली द्यायची, की दोनेक मिनिटं घरघरत चालायचं.

खरी क्रांती केली ती पायाने. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसनने शिलाई मशीनसारखं पायटा मारून चालणारं यंत्र काढलं. त्याची हकिकत मला पुस्तकांपेक्षा डोळ्यांनी जास्त ठाऊक आहे.

मी नुकताच मुंबईहून शिकून आलो होतो. शिवाजी पेठेत एक वयस्कर डेंटिस्ट होते, त्यांच्याकडे उमेदवारीला जायचो. त्यांच्या व्हरांड्यात हे यंत्र उभं होतं. बिडाचा जड पाया, पायट्यावर फिरणारं मोठं चाक, वर गेलेली दांडी, तिच्या टोकाला माणसाच्या कोपरासारखा दुमडणारा हात आणि त्या हातावरच्या इवल्याशा कप्प्यांवरून धावणारी दोरी. दोरीच्या टोकाला हँडपीस, त्यात पोलादी बर. वीज गेली की ते सरळ व्हरांड्यात यायचे, पेशंटला लाकडी खुर्चीत बसवायचे आणि एका पायावर उभे राहून दुसऱ्याने पायटा मारायला लागायचे. वरचा हात मात्र पाटीवर अक्षर गिरवावं तसा स्थिर. त्यांची उजवी पोटरी तालमीतल्या पैलवानासारखी झाली होती, डावी तुमच्या-आमच्यासारखी.

त्या यंत्राला मिनिटाला फार तर दोन हजार फेरे. दाताला धक्के बसायचे, डोक्यात घरघर घुमायची, पेशंट खुर्चीचे हात घट्ट पकडायचा. पण मला तेव्हा न कळलेली एक गोष्ट त्यात होती. पाय थकायचा. पाय थकला की चाक मंदावायचं, बर अडकायचा आणि थांबावंच लागायचं. तेवढ्यात दात निवायचा, चूळ भरली जायची, डॉक्टर आरशातून पुन्हा आत डोकावायचे. "अजून किती उरलीय बघू या," म्हणायचे. ते थांबणं यंत्रातच होतं, त्यासाठी डॉक्टरांना वेगळा संयम शिकावा लागला नव्हता.

फिरती हत्यारं आली म्हणून हातातली गेली नाहीत. त्यांना शिस्त लावली ती जी. व्ही. ब्लॅक यांनी. इलिनॉयमध्ये १८३६ साली जन्मलेला हा जवळपास स्वयंशिक्षित माणूस आधुनिक दंतवैद्यकाचा पाणिनीच म्हणायला हवा. त्यांच्या पेटीतल्या हत्यारांची नावं मराठीत म्हणून बघा: पटाशी, कुऱ्हाड, कुदळ, चमचा. शेत आणि सुतारकाम दोन्ही माणसाच्या तोंडात. प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर आकडे कोरलेले. पहिला आकडा पात्याची रुंदी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. दुसरा पात्याची लांबी. तिसरा पातं दांड्याशी करतं तो कोन, वर्तुळाचे शंभर भाग पाडून मोजलेला. १०-७-१४ म्हटलं की मुंबईत, शिकागोत आणि टोकियोत एकच हत्यार हातात यायचं.

पण याच ब्लॅकसाहेबांनी १८९१ च्या सुमारास एक सूत्र दिलं, त्याची किंमत पुढच्या चार पिढ्यांच्या दातांनी मोजली. कीड जिथे आहे तेवढीच काढून थांबू नका, आजूबाजूच्या सगळ्या फटी, खाचा कापून खड्डा अशा जागेपर्यंत वाढवा जिथे जीभ आणि घास आपोआप सफाई करतात. प्रतिबंधासाठी विस्तार. त्या काळी ते चुकीचं नव्हतं. फ्लोराइड नव्हतं, घरोघरी ब्रश नव्हता, आणि खड्ड्यात भरायची चांदी दाताला चिकटत नसे. ती टिकायची ती खड्ड्याच्या आकारावर, म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद हवा, पुरेसा खोल हवा. चांगला दातही त्यासाठी कापायचा. पायाच्या यंत्रावर, पोलादी बरने, हा विस्तार करायला जीव मेटाकुटीला यायचा, त्यामुळे तो आपसूक आटोक्यात राहिला. नियमाला धार आली ती हत्यारांना धार आल्यावर.

इथे घासणाऱ्या पदार्थांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात एक आपला शब्द लपून बसला आहे. चाकू-सुऱ्या लावायचा कुरुंदाचा दगड आपल्याकडे जुना. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. तमिळ वाटेने इंग्रजांनी उचललेला शब्द कोरंडम. (कुरुंदवाडच्या वाचकांचे कान टवकारले असतील, पण गावाच्या नावाचा वाद इथे नको.) कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल कुरुंद. त्याची पूड वितळलेल्या लाखेत कालवायची आणि तिचं चाक ओतायचं, हे आपल्या रत्नपारख्यांचं जुनं तंत्र. कोल्हापुरी साजाचे पोकळ मणी ज्या लाखेने भरतात तीच ही लाख. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन कृत्रिम हिरा करायला निघाला. माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले आणि त्याला निळसर काळे, चमकदार स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं लग्न आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. ते निघालं सिलिकॉन कार्बाइड, पण नाव राहून गेलं. त्याचे पहिले गिऱ्हाईक रत्नांना पॉलिश करणारे. मग दंतवैद्यांच्या पेटीत कार्बोरंडमची रुपयापेक्षा लहान चाकं आली. आमच्याकडे विद्यार्थी त्यांना नुसतं 'कार्बो' म्हणतात आणि अर्धा कुरुंद गिळून टाकतात.

दुसरा शब्द उद्यमनगरचा. ऑइल इंजिनाचे भाग घडवत वाढलेल्या या वसाहतीत कुठल्याही लेथवर जा आणि कटिंग टूल कसलं म्हणून विचारा. उत्तर येईल, "विडिया." क्रुप या जर्मन कंपनीने १९२६-२७ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर दाबून, भाजून एक कठीण धातू केला आणि त्याला नाव दिलं 'व्ही डायमांट', हिऱ्यासारखा. त्याचा झाला विडिया. तो युद्धानंतर, १९४७ च्या आसपास, दाताच्या बरमध्ये आला. पोलादी बर एनॅमलवर बोथट व्हायचा, हा होत नव्हता. त्याच्या आधी १९३२ साली जर्मनीतच ड्रेंडेल यांनी धातूच्या सळईवर विद्युत् मुलाम्याने हिऱ्याची पूड घट्ट बसवण्याची युक्ती काढली होती. विडियाला पाती असतात, तो तासतो. हिऱ्याचा बर तासत नाही, घासतो, सहाणेवर गंध उगाळावं तसा. आज माझ्या ट्रेमध्ये दोन्ही असतात. मानेवरच्या रंगीत पट्ट्यावरून जाडी कळते. हिरवा पट्टा जाड भरड्याचा, तांबडा बारीक, पिवळा त्याहून बारीक. भारतात सर्रास वापरले जाणारे हिऱ्याचे बर ज्या जपानी कंपनीचे असतात तिचं नाव मणी. आपल्या मण्याशी तिचा काही संबंध नाही, पण डबी उघडताना मला दर वेळी ब्रह्मपुरी आठवते.

हत्यार कठीण झालं, आता वेग हवा होता. विजेच्या मोटरवर दोरी चढवून दहा हजार फेऱ्यांपर्यंत मजल गेली होती. त्यापुढे दोरी साथ देईना. न्यूझीलंडमध्ये जॉन वॉल्श यांना वाटलं की वेग इतका वाढवावा की थरथर माणसाला जाणवूच नये. १९४९ साली त्यांनी हवेच्या झोताने फिरणाऱ्या इवल्या टर्बाइनचं पेटंट घेतलं. १९५७ साली वॉशिंग्टनच्या जॉन बॉर्डन यांचा 'एअरोटर' बाजारात आला. मिनिटाला तीन लाख फेरे. ते एका बनावटीचं नाव होतं, आपल्याकडे ती जात झाली. भारतातला डेंटिस्ट आजही कुठल्याही कंपनीच्या टर्बाइनला एअरोटरच म्हणतो.

तीन लाख हा आकडा नुसता वाचून सोडू नये. सेकंदाला पाच हजार फेरे होतात. सव्वा मिलिमीटर जाडीच्या बरची कड मोकळी फिरताना तासाला सत्तर किलोमीटरच्या आसपास धावते, पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या एसटीइतकी, आणि तीही तोंडाच्या आत, जिभेपासून बोटभर अंतरावर. हत्यार लेखणीसारखं धरायचं, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. बरची मान फक्त १.६ मिलिमीटरची. सोबत पाण्याचा फवारा हवाच. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग करून दाखवलं की दाताच्या गाभ्याचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तर सुमारे १५ टक्के दातांचा गाभा मरतो. म्हणून फवारा. बरबरोबर येणारी ती उंच किणकिणती शीळ, जी ऐकून बाहेर बाकावरची पोरं आईच्या पदरात शिरतात, ती या वेगाची.

एअरोटरने वेदना कमी केली, यात शंका नाही. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांवर आणलं. पण पाय थकायचा तो अडसरही त्याने काढून टाकला. एनॅमल आता खडूसारखं कापलं जाऊ लागलं, आणि ब्लॅकसाहेबांचा विस्ताराचा नियम पुस्तकात तसाच होता.

माझाच दाखला देतो. १९९४ साली एक मुलगी लग्नाआधी समोरचे चार दात 'नीट' करून घ्यायला आली. थोडे वाकडे, एकावर पांढरा डाग. कीड नव्हती. मी चारही दात चहूबाजूंनी घासून खुंट्या केल्या आणि वर कॅप बसवल्या. हात स्वच्छ चालला होता, मला त्याचा अभिमान वाटला. घरचे खूश, फोटो सुंदर आले. अकरा वर्षांनी ती मूल घेऊन आली, तेव्हा एक दात आतून मेला होता. पुढे दुसरा हिरडीपाशी मोडला. जर्मनीत आणि अमेरिकेत काम करणाऱ्या एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ साली वजन करून दाखवलं की समोरच्या दातावर अशी पूर्ण कॅप बसवायची तर दाताच्या दिसणाऱ्या भागातला ६३ ते ७२ टक्के पदार्थ कापावा लागतो. पातळ पापुद्रा चिकटवायचा तर ३ ते ३० टक्के. तो निबंध मी वाचला तेव्हा ती मुलगी डोळ्यांपुढे होती. चार दातांतले जवळजवळ तीन दात मी त्या दुपारी नळीतून सोडून दिले होते. गुजरीतल्या सोनाराच्या भाषेत, गेले ते गेलेच. तिने कधी बोल लावला नाही. डॉक्टरांनी केलंय म्हणजे करायलाच हवं असणार, असं ती धरून चालली होती. मला ते जास्त लागलं.

कमी कापायची वाट तोपर्यंत उघडलेली होती, फक्त मी तिच्यावरून चालत नव्हतो. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर अर्धं मिनिट फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावलं, धुतलं, आणि मग प्लास्टिकसारखा रेझिन त्याला चिकटतो असं दाखवलं. तो का चिकटतो? अ‍ॅसिडने एनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि रेझिन त्यांत मुळ्यांसारखा उतरतो. या मुळ्या १९६७ साली सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांनी नीट दाखवल्या त्या दोघांतले एक, मात्सुईंचे सहकारी, जॉन ग्विनेट. तेच, ज्यांनी पुढे हिंदुस्थानी मण्यांची भोकं वाचली. चिकटणारा पदार्थ आला म्हणजे खड्ड्याला तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद अशा आकाराची गरज उरली नाही. कीड असेल तेवढी काढा आणि थांबा. छिद्र पाडण्याची सर्वांत जुनी विद्या आणि छिद्र टाळण्याची सर्वांत नवी युक्ती एकाच माणसाच्या टेबलावर असावी, हा योगायोग मला फार आवडतो.

उलट्या दिशेनेही गंमत झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर टांझानियात, जिथे वीज नव्हती, तिथे डच दंतवैद्य यो फ्रेंकेन यांनी फक्त चमच्याच्या आणि कुऱ्हाडीच्या आकाराची हातहत्यारं घेऊन मऊ झालेली कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, अशी पद्धत बसवली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. ब्लॅकसाहेबांची पेटी, त्यांच्या नियमाशिवाय. मऊ झालेलंच तेवढं निघतं, कारण हाताला कठीण दात कापताच येत नाही.

ती पद्धत मी पुस्तकात वाचून बाजूला ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शहरात शिरली. माझ्या दवाखान्याचा कॉम्प्रेसर तळघरात होता, तो पाण्याखाली गेला. वीज बरेच दिवस नव्हती. पूरग्रस्तांच्या एका छावणीत, शाळेच्या वर्गात, ठणकणारे दात घेऊन लोक बसले होते. मी चमचे, आरसा, सिमेंटची पुडी आणि डोक्याला बांधायची बॅटरी घेऊन गेलो. आठ-नऊ वर्षांच्या एका पोराने तोंड उघडलं, पण आधी विचारलं, "शिट्टीचं मशीन हाय काय?" नाही म्हटल्यावर आरामात बसला. त्याच्या दुधाच्या दाढेतून ओल्या गुळासारखी कीड निघाली. खाली कडक लागलं, तिथे थांबलो. चूर जवळजवळ पडलाच नाही.

वर्षभरात करोना आला. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या, त्यात तुषार उडवणारी कामं टाळा असं होतं. एअरोटर पाण्याचा आणि लाळेचा ढगच उडवतो. जगभर ती शीळ काही महिने बंद पडली. त्या काळात हाताने केलेली कामं मी नोंदवून ठेवली आहेत. आज ती पेशंट मंडळी येतात तेव्हा वही काढून बघतो. सगळीच टिकली असं नाही. सिमेंट झिजतं, काही ठिकाणी पुन्हा भरावं लागलं. पण पुन्हा भरायला त्यांच्याकडे दात आहे.

एअरोटर मी टाकलेला नाही. जुनी चांदी काढायची, मोडलेली कॅप कापायची, नस भरायला दाढ उघडायची, तर त्याच्यावाचून चालत नाही. फक्त आता मध्ये थांबतो. पायट्याचं यंत्र डॉक्टरांना जसं थांबवायचं, तसं मुद्दाम, हँडपीस स्टँडला लावून, आरसा घेऊन, अजून किती उरलीय बघू या म्हणत. नवीन आलेल्या सहायक मुलीला आधी वाटायचं, सरांची दमछाक होते.

मागच्या श्रावणात गुजरीत गेलो होतो. तो कारागीर आता सत्तरीचा आहे. दाढ माझ्याच हातची, अजून आहे, मात्र दोनदा भरून मोठी झालेली. त्याच्या टेबलाशी एक छतावरून लोंबणारी मोटर, लवचीक वायर आणि टोकाला हँडपीस होता. म्हणाला, "तुमचंच मशीन आमच्याकडं आलं बघा." खरंच, हँडपीसच्या चिमट्यात २.३५ मिलिमीटर मानेचा गोल बर होता, माझ्या मंद वेगाच्या हँडपीसमध्ये बसेल असा. फोशारने जवाहिऱ्याकडून नेलेलं हत्यार तीनशे वर्षांत फिरून पुन्हा सोनाराकडे आलं होतं. साजाच्या एका पानाची कड तो त्याने साफ करत होता. खाली मांडीवर कातडं पसरलेलं, त्याखाली अर्धं उघडं खण.

झिजलेल्या हिऱ्याच्या बरची एक डबी मी त्याच्यासाठी नेली होती. माझ्या कामाला ते बोथट, पण चांदीवर अजून चालतात. त्याने एक बर उजेडात धरून पाहिला, मोटरला लावला, तुकड्यावर टेकवला, ठीक आहे म्हणाला. मग खण पुढे ओढून त्यातला पिवळा चुरा कुंच्याने एका कोपऱ्यात लोटला आणि विचारलं, "तुमचा अजून पाण्यातच जातोय न्हवं?"

"पाण्यातच," मी म्हणालो. "पण कमी."